‘बरी होती’ या उत्तरामागे



सरकारी आरोग्य केंद्रात कुटुंब नियोजनाची साधने मोफत मिळतात, मग आदिवासी भगिनी ती मध्येच का सोडतात? मंडळ्यांना भेटी देताना हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पाड्यांवर काम करताना जे समजले, ते येथे मांडते.

केंद्रातून आलेल्या बाईला “सेवा कशी होती?” असे विचारले, तर ती “बरी होती” एवढेच म्हणते. नर्सबाईंविषयी वाईट कसे बोलावे? उद्या बाळंतपणाला तिथेच जायचे असते. म्हणून प्रश्न नेमके विचारावे लागतात. किती साधनांची माहिती दिली? तुला समजेल अशा भाषेत सांगितले का? तपासताना पडदा होता का? त्रास झाला तर कुठे यायचे, हे सांगितले का? खरे समाधान या उत्तरांत कळते.

पहिली गोष्ट निवडीची. निरोध, माला-एन व छाया गोळ्या, तांबी, अंतरा इंजेक्शन, स्त्रीची किंवा पुरुषाची नसबंदी, एवढे पर्याय सरकारी कार्यक्रमात आहेत. पण दोन मुले झालेल्या बाईला अनेकदा फक्त ऑपरेशनच सुचवले जाते. पुरुषाची नसबंदी अधिक सोपी असूनही तिचे नाव क्वचितच निघते.

दुसरी गोष्ट माहितीची. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. त्याने पाळी अनियमित होते, पुढे थांबूही शकते. हे आधी सांगितले नाही, तर “रक्त आत साठले” या भीतीने बाई पुन्हा केंद्राकडे फिरकत नाही. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात, हेही सांगायला हवे. नाहीतर सासू म्हणते, “सुईने कूस बंद झाली.” पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईला मराठीत घाईने सांगितलेले यातले थोडेच उमगते.

तिसरी गोष्ट पाठपुराव्याची. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात आणि होळीला परततात. मधल्या काळात इंजेक्शनची तारीख येते. ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत ते घेता येते, आणि सोबत अंतराचे कार्ड असले तर तिकडच्या सरकारी केंद्रातही विचारता येते. निघण्यापूर्वी कोणी एवढे सांगितले, तरी नको असलेले गरोदरपण टळू शकते.

आणि चौथी गोष्ट सन्मानाची. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरांनंतर तेरा स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. आकडा पूर्ण करण्याच्या घाईत माणूस हरवतो, हा त्यातला धडा आहे. किती ऑपरेशने झाली एवढ्यावरून सेवा चांगली ठरत नाही. बाईने स्वतः ठरवले का आणि अडचण आली तेव्हा ती निर्धास्तपणे परत आली का, हे पाहावे लागते.

चांगले काम करणाऱ्या नर्सबाई व आशाताईही पुष्कळ आहेत. एकच नर्सबाई तीन हजार किंवा त्याहून अधिक लोकवस्तीचे उपकेंद्र सांभाळते. डोंगरात पायी फिरून ती आपल्या भगिनींपर्यंत पोहोचते. तिला दोष देण्यापेक्षा तिच्या सोबत उभे राहावे.

आंधळ्या बार्तिमयाची गरज सर्वांना दिसत होती, तरी प्रभूने आधी त्यालाच विचारले. आपणही आधी विचारावे आणि मग ऐकावे.

प्रार्थनेचे विषय: ऊसतोडीला जाणाऱ्या माता; एकट्याने उपकेंद्र सांभाळणाऱ्या नर्सबाई; आणि पत्नीचे म्हणणे ऐकणारे पती. आपल्या मंडळीत पावरी वा भिली बोलणारी बहीण असेल, तर केंद्रात सोबतीला जाण्यासाठी तिला जरूर सुचवा. तेवढी सोबतही मोठी सेवा आहे.