गरिबाचे मूल आणि बालवाडी

बालशिक्षण हा शब्द उच्चारताच शहरातील सुशिक्षित कुटुंबाच्या डोळ्यांपुढे रंगीत ठोकळे, चित्रांची पुस्तके, स्वच्छ कपड्यांतली पंधरावीस बालके आणि त्यांच्यात वावरणारी एखादी प्रेमळ बाई असे चित्र उभे राहते. या चित्रात चुकीचे काहीच नाही. परंतु या पद्धतीने जेथे प्रथम मूळ धरले, ती जागा अगदी निराळी होती. रोम शहरातील सान लोरेंझो ही मोलमजुरी करणाऱ्यांची वस्ती. तेथील मोडकळीस आलेल्या चाळी एका घरबांधणी कंपनीने दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आईबाप कामावर गेले की शाळेच्या वयाला न पोहोचलेली मुले दिवसभर मोकाट हिंडत आणि नव्याने रंगविलेल्या भिंती खराब करीत. त्या भिंती वाचाव्यात म्हणून मालकांनी एक खोली काढून दिली, मुले सांभाळण्याची व्यवस्था डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे सोपविली, आणि ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले 'बालगृह' सुरू झाले. जगभर गाजलेल्या पद्धतीचा उगम असा भिंतींच्या काळजीत सापडावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. त्या बालगृहाचा एक नियम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अंग न धुता किंवा मळक्या कपड्यांनी येणाऱ्या मुलाला तेथे थारा मिळणार नाही, अशी आयांना ताकीद असे.

पुढे काय झाले ते सर्वश्रुतच आहे. मजुरांच्या मुलांत जन्मलेली ही पद्धती सुस्थितीतील घरांनी उचलली, तिची साधने महाग झाली आणि तिचे वर्ग मोठ्या शहरांत भरू लागले. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. ताराबाई मोडक १९२३ साली त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मुंबईत परतल्यावर ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला. दादरच्या मध्यमवर्गाने तो आपलासा केला. एवढ्यावर ताराबाई थांबल्या असत्या, तरी महाराष्ट्राने त्यांचे ऋण मानले असते. परंतु खेड्यातील मूल या सर्वांतून वगळले जात आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर, त्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

त्या वेळी तो सारा मुलूख अशांत होता. त्याच वर्षी उंबरगाव-डहाणू भागातील वारल्यांनी, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली, वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे काढावेत आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याच घरी राबावे, ही 'लग्नगडी'ची रूढी तेथे चालू होती. दादर आणि हा भाग यांतील अंतर आगगाडीने काही तासांचे. पण दोन घरांच्या मिळकतीतील अंतर मोजायला कोणतेही माप अपुरेच पडले असते.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण आदिवासी व हरिजन वस्तीतील मुले आपण होऊन तिकडे फिरकेनात. या ठिकाणी पुष्कळ सुशिक्षितांची गफलत होते. फी नाही, पाटी फुकट, तरी मूल येत नाही, म्हणजे आईबापांना शिक्षणाची गोडी नाही, असा निष्कर्ष ते काढून मोकळे होतात. वस्तुतः हा प्रश्न गोडीचा नसून हिशेबाचा आहे. सुस्थितीतील घरात सात वर्षांची मुलगी हा केवळ खर्च असतो, आणि तो खर्च आईबाप आनंदाने सोसतात. मजुराच्या घरात तीच मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन बसते, म्हणून आईला रोजावर जाता येते. मुलगी शाळेत गेली की आईचा रोज बुडतो. आठ वर्षांच्या मुलाने गुरे राखायची सोडली, तर त्याच्या पोटाला जे मिळते तेही जाते. त्या घराला फुकट शाळा फुकट पडत नाही. तिची किंमत संध्याकाळच्या भाकरीतून द्यावी लागते. कडेवरच्या त्या भावाला चौथे वर्ष लागते, तेव्हा त्याला गाणे-गोष्ट ऐकवायला घरी कोणी नसते. ज्या वयात दादरचे मूल दिवसभर प्रश्न विचारून घर डोक्यावर घेते, त्या वयात हे मूल गप्प बसायला शिकते. सहाव्या वर्षी दोघे पहिलीच्या वर्गात शेजारी बसली, तरी त्यांचा आरंभ एके ठिकाणाहून होत नाही.

ताराबाई व अनुताई यांचे मोठेपण असे की, त्यांनी आईबापांना दोष न देता शाळाच हलविली. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीत जाऊन मुले गोळा करावयाची, त्यांची तोंडे धुवावयाची, केस विंचरावयाचे, नखे काढावयाची, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. रोमच्या बालगृहात स्वच्छता ही प्रवेशाची अट होती. येथे ती पहिला धडा झाली. परदेशी साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांनी घेतली. १९५७ साली केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले, आणि तेथे 'विकासवाडी'ची कल्पना रुजली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असल्यामुळे थोरल्या बहिणीने धाकट्याला पाळण्यात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात जाऊन बसावे. गुराख्यांसाठी 'कुरणशाळा' निघाली. गुरे जेथे चरत तेथेच शिक्षक जाई. या साऱ्या खटाटोपामागे एकच पक्का समज दिसतो, तो असा की, घरची मिळकत ज्या गोष्टी पुरवू शकत नाही, त्या पुरविणे हेच बालशिक्षणाचे पहिले अंग होय.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राचे नाव 'अंगणवाडी' असेच पडले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याकडे पाठवणी, आयांना आहार व आरोग्याचे शिक्षण आणि मुलांना शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तीत होत्या. आहाराची बाजू तिने उचलली, हे तिचे मोठेच श्रेय होय. उपाशी मुलाला गाणे शिकविण्यात अर्थ नसतो. तथापि गरोदर स्त्रियांच्या नोंदी, वजने, शिधावाटप, गृहभेटी आणि नोंदवह्यांचा ढीग या सर्वांतून उरलेल्या वेळात शिक्षण, अशी स्थिती अनेक ठिकाणी झाली. आणि हे सर्व करणाऱ्या सेविकेला सरकार वेतन देत नाही, 'मानधन' देते. या शब्दातील मान कोणता आणि धन किती, हे तिलाच ठाऊक.

या वयातील शिक्षणाने पुढे काही फरक पडतो काय, असा प्रश्न कोणी विचारील. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, इप्सिलांटी या गावी, १९६२ पासून काही वर्षे याचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले निवडून, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रोज सकाळी बालवर्ग मिळाला, दुसऱ्याला नाही. बुद्धिमापनाच्या परीक्षेत पहिल्या गटाने घेतलेली आघाडी थोड्याच वर्षांत मावळली, आणि टीकाकारांना तेवढे निमित्त पुरले. परंतु ही मुले चाळिशीला पोहोचेपर्यंत त्यांची विचारपूस होत राहिली, तेव्हा बालवर्गात गेलेल्यांची शाळा अधिक झालेली, मिळकत अधिक आणि अटकेचे प्रसंग कमी, असे आढळले. प्रयोग लहान होता, हे खरे. पण त्यातील शिक्षिका प्रत्येक मुलाच्या घरी आठवड्यातून एकदा जात असत, ही गोष्ट कोसबादची आठवण असणाऱ्याला नवी वाटणार नाही.

आता कायद्याकडे पाहू. मूळ राज्यघटनेच्या ४५व्या कलमात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत शिक्षण देण्याची दिशा सरकारला आखून दिली होती. तीत सहा वर्षांखालील मूल वगळलेले नव्हते. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क मिळाला, ही आनंदाची गोष्ट झाली; पण सहाच्या आतील मुलाच्या वाट्याला राज्याचे 'प्रयत्न' तेवढे आले. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळापूर्व शिक्षणाची सोय सरकारच्या इच्छेवर ठेवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतला आहे. परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे. ज्याच्या घरी पैसा आहे, त्याला या फरकाची झळ लागत नाही. तो तिसऱ्या वर्षी मुलाला फी भरून बालवर्गात घालतोच.

कडेवर भाऊ घेऊन बसलेल्या थोरल्या बहिणीचा प्रश्न तर याहूनही मागे राहिला. अंगणवाडीचे दार तिसऱ्या वर्षी उघडते आणि दुपारच्या आत मिटते. आईचा रोज मात्र संध्याकाळी संपतो. अंगणवाडीला जोडून दिवसभराचे पाळणाघर असावे, ही कोसबादची जुनी कल्पना केंद्र सरकारने २०२२ साली 'पालना' या नावाने योजनेत घेतली आणि अशी १७,००० केंद्रे उभारण्याचे ठरविले. देशातील अंगणवाड्यांची संख्या सुमारे १४ लाख आहे.