कलमाची साल काय सांगते?

हौसेने लावलेले आंब्याचे कलम सुकू लागले, की आपण पाण्याची बादली उचलतो. आम्हीही येथे सुरतेस अंगणात तेच केले आणि दोन वर्षांचे कलम गमावले. दुखणे तहानेचे नव्हते, सालीचे होते. म्हणून उपायापूर्वी तपासणी करावी.

पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. साल एका बाजूने गेली तर जखम भरून येऊ शकते; सभोवार गेली तर मुळे उपाशी मरतात. प्रथम साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे व ओलसर असेल तर तो भाग जिवंत; तपकिरी व कोरडे असेल तर मेलेला.

मग खुणा पाहाव्यात. बेचक्यात भुशाची जाळीदार पट्टी दिसली तर साल खाणारी अळी. भोकातून भुसा गळत असेल तर खोडकिडा, तो तारेने काढावा. मातीचे पापुद्रे ही वाळवीची खूण. पश्चिमेकडचीच साल तडकली तर बहुधा उन्हाचा चटका. डिंक वाहून साल काळवंडली तर बहुधा बुरशी. आमच्याकडील काळ्या जमिनीत पाणी साचले, की झाड दुबळे होते आणि बुरशीचे फावते. आमचे कलम असेच गेले.

अशा वेळी पाण्याचा निचरा करावा. रोगट साल निरोगी भागापर्यंत खरवडून बोर्डो मलम लावावे. 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम चुना मातीच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करावेत.

कलम लावणे एका दिवसाचे काम. दर महिन्यास बुंध्यापाशी वाकून पाहणे, हे खरे जतन.