पन्नास ग्रॅम खसखस

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे लागते. कोथळीगडाकडे निघालेले शहरी ट्रेकर इथे चहापुरते थांबतात. आसपासच्या वाड्यापाड्यांसाठी मात्र हा बाजारहाटाचा रस्ता. दिवाळी येते तेव्हा शेतात हळवे भात कापणीला आलेले असते. घरात हात कमी आणि रोकड त्याहून कमी. अशा वेळी किराण्याच्या यादीत रवा, मैदा, साखर किलोने लिहिली जाते, सुके खोबरे पाव-अर्ध्या किलोने आणि शेवटी कुठेतरी खसखस, पन्नास ग्रॅम. यादीतली सर्वांत छोटी आणि वजनाच्या मानाने जवळजवळ सर्वांत महाग वस्तू. तिचा किलोचा भाव अलीकडे हजार रुपयांच्या पुढेच असतो.

खरे तर या पट्ट्यातली जुनी दिवाळी पोह्यांची. नवे भात कांडून केलेले पोहे, नरक चतुर्दशीच्या पहाटे कारिट अंगठ्याखाली फोडायचे आणि मग दुधातले, ताकातले, गुळातले पोहे खायचे, हा कोकणातला रिवाज. त्यात विकत आणण्यासारखे फार काही नव्हते. करंजी त्याहून बाजारावर अवलंबून. तिच्या सारणाचा डबा उघडला तर त्यात अर्धा देश आणि थोडा परदेशही सापडतो: दक्षिणेकडचे खोबरे आणि वेलची, कोकणचा काजू, काश्मीरचा किंवा समुद्रापलीकडून आलेला बदाम, नाशिक-सांगलीकडचा बेदाणा. आणि खसखस माळव्याची.

ही माळव्याची वाट मराठी माणसाला नवी नाही. नीमच आणि मंदसौर हे मुलूख एके काळी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर मुंबईत मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. जमशेटजी जीजीभॉय यांचे नाव त्यात ठळक. अफू आणि खसखस एकाच बोंडातली. कच्च्या बोंडाला चिरे दिले की पाझरतो तो चीक म्हणजे अफू. तेच बोंड वाळवून फोडले की खसखस. आजही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच परवान्याने ही शेती होते. चीक सगळा सरकारजमा करायचा, बी मात्र शेतकऱ्याने मोकळ्या बाजारात विकायचे. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही व्याख्येतून बी वगळले आहे. म्हणून ती कशेळ्याच्या दुकानात जिऱ्याशेजारी निवांत बसू शकते.

आखाती देशांत हा निवांतपणा नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे, सिंगापूरही तिच्या बाबतीत कडक. त्यामुळे दुबईच्या लेकीसाठी फराळाचा डबा भरताना आईला सारण वेगळे करावे लागते आणि तिथे खसखशीच्या जागी पांढरे तीळ पडतात. चव बदलते, पण बिघडत नाही. गोव्याच्या नेवऱ्यांत तीळ आधीपासूनच आहेत. तिथे हिंदू घरांत चवथीला आणि ख्रिस्ती घरांत नाताळला ही एकच नेवरी तळली जाते. आतले खोबरे आणि बाहेरची मुरड बघून कोणत्या घरची ते सांगता येणार नाही.

सारणात खसखस का, याचे उत्तर खलबत्त्यात आहे. एका ग्रॅममध्ये तीन हजारांच्या आसपास दाणे मावतात आणि दाण्यात वजनाच्या निम्म्याजवळ तेल असते. मंद आचेवर भाजून जाडसर कुटली की ती किसलेल्या खोबऱ्याला धरून ठेवते, पिठीसाखरेला अंग देते आणि दाताखाली बारीक कुरकुरते. पण तेच तेल जुने झाले की खवट होते. म्हणून जाणती बाई दुकानातच चिमूटभर तोंडात टाकून बघते. घरी आल्यावर मग तिचा खरा कस लागतो. रवा-मैद्याला कडकडीत मोहन, दुधात भिजवलेला गोळा वरवंट्याने कुटून मऊ करायचा, पारीवर ओले फडके. साट्याच्या करंज्या असतील तर तूप आणि तांदळाची पिठी फेसून लावलेले थर. कातणाने कापलेली कड झटपट होते. हाताने घातलेली मुरड बघून मात्र सासूबाई न बोलता मान हलवतात. सारण जास्त भरले की करंजी तेलात फुटते, कमी भरले की वाजते. नुसत्या खुळखुळ्याला करंजी म्हणायचे तरी कसे?

खसखशीने भरलेली पक्वान्ने युरोपातही सणाचीच. हंगेरीत नाताळला बेग्ली नावाची गुंडाळी करतात, एक खसखशीची आणि एक अक्रोडाची, बहुधा जोडीनेच. पोलंडमध्ये तिची बहीण माकोव्हिएत्स. तिकडची खसखस निळसर-करडी, दळून दुधात शिजवलेली, आणि सगळे भट्टीत भाजलेले. पूर्व युरोपातले ज्यू पुरीमच्या सणाला तिकोनी पारीत हेच सारण भरतात. गंमत अशी की नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आल्याची आठवण सांगणारे, घाणा चालवणारे रायगडचे ‘शनिवार तेली’, म्हणजे बेने इस्रायली, याच पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत आले आणि पुरणपोळी करत आले. सण तोच, सारण त्या त्या मातीचे.

या तुलनेत कशेळ्याच्या बाजूने बोलायला एक पदार्थ आहे: अनारसा. त्याचा जीव तांदळात, आणि तांदूळ ही या तालुक्याची खरी मिळकत. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेली वाणे ‘कर्जत’ याच नावाने राज्यभर पेरली जातात. भाई कोतवालांनी याच भागात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उभी केली होती, इतका इथला तांदळाशी असलेला संबंध पोटापाण्याचा. अनारशाला महागडा बासमती लागत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचे, फडक्यावर सुकवून ओलसर असतानाच कुटायचा, चाळायचा, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा गूळ घालून गोळे डब्यात मुरवत ठेवायचे. मग पुरी थापायची ती खसखशीवर. तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचे नाही, झाऱ्याने तूप उडवायचे. जाळी पडली तर जिंकले. गूळ वरचढ झाला की अनारसा तुपात पसरतो, विरघळतो. त्याला बायका ‘हसला’ म्हणतात. करणारीला मात्र त्या क्षणी हसू येत नाही. अधिक महिन्यात तर जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. 2023च्या अधिक श्रावणात ऐन पावसाळ्यात तांदूळ सुकवताना अनेक घरांना पंख्याखाली चादरी अंथराव्या लागल्या.

आता कर्जत-खालापूरच्या फार्महाउसांत शनिवार-रविवारी येणारी मंडळी ‘घरगुती फराळ’ विचारतात आणि गावोगावच्या बचत गटांना त्यातून चार पैसे दिसतात. ऑर्डरच्या करंजीत मात्र पहिली कात्री खसखशीवर चालते, कारण गिऱ्हाइकाला बदामाचा काप दिसतो, खसखस दिसत नाही. ओव्हनमध्ये भाजलेल्या करंज्याही मागितल्या जातात. त्या चांगल्या होतात, फक्त त्यांना बिस्किटाची चव येते, हे कबूल करायला हवे.

घरात मात्र दरवर्षी तेच होते. पाऱ्या आणि सारण एकदम कधीच संपत नाहीत. पारी उरली तर शंकरपाळे कापतात. सारण उरले तर वाटी मुलांच्या हाती जाते आणि बोट ओले करून तळाची खसखस टिपण्यावरून भांडण लागते.