एकाच टोकनाच्या भरवशावर

तारापूर औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांच्या दप्तरांत, कंपनी कायद्याखालील विवरणपत्र असो वा सरकारी ई-निविदा, डिजिटल सहीसाठी जे बोटाएवढे यूएसबी टोकन वापरले जाते, त्याच्या अंतर्भागातील गुप्त किल्लीची नक्कल काढता येत नाही. आणि हा त्याचा श्रेष्ठ गुण असला, तरी बोईसर-पालघर लोकलच्या गर्दीत ते गहाळ झाले, पावसात भिजून निकामी झाले, अथवा चुकीची पिन वारंवार दिल्याने बंद पडले, की तोच गुण मालकावर उलटतो. मग नवे प्रमाणपत्र आले, ओळखीची पडताळणी पुन्हा आली, आणि तोवर निविदेची मुदत टळते! याच धास्तीने टोकन पिनसकट लेखापालाच्या हवाली करून ठेवण्याची जी चाल पडते, ती मला अत्यंत घातक वाटते.

ऑनलाइन खात्यांच्या रक्षणार्थ पासवर्डच्या जोडीला वापरल्या जाणाऱ्या सुरक्षा-किल्ल्यांचीही प्रत निघत नाही. म्हणूनच ॲपल किमान दोन किल्ल्यांवाचून ही व्यवस्था सुरूच करू देत नाही, तर गूगल आठ अंकी दहा आपत्कालीन संकेतांक देते, ते कागदावर उतरवून किल्लीपासून दूर ठेवावेत. सहीच्या टोकनालाही असाच पर्याय हवा: जीएसटीसाठी दुसरा प्राधिकृत स्वाक्षरीकर्ता, त्याच्या स्वतःच्या टोकनासह, आजच नोंदवता येतो.