देवगिरीची कसोटी आणि लाइव्ह रॉक

दौलताबादला लोक किल्ला, चांदमिनार आणि अंधारी पाहायला येतात. याच ठिकाणी, तेव्हाच्या देवगिरीत, तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. बेसूर, अस्पष्ट गाणाऱ्यांबरोबरच भीत भीत गाणारा, उंटासारखी मान काढून गाणारा, डोळे मिटून गाणारा असे गवईही त्यात येतात. यातले कितीतरी दोष समोर बसलेल्यालाच कळतील. म्हणजे श्रोता समोर आहे असं धरूनच इथे गाणं जोखलं गेलं. १९७० ते १९७८ या काळातले लाइव्ह रॉक अल्बम मला याच कसोटीवर मोठे वाटतात. माझं म्हणणं असं की, त्या पिढीच्या रॉकचं अस्सल रूप स्टुडिओत नव्हे, मैफलीत घडलं.

डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ घ्या. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत तीन रात्री हे ध्वनिमुद्रण झालं. स्टुडिओत साडेचार मिनिटांत आटोपलेलं ‘स्पेस ट्रकिन’ इथे वीसेक मिनिटं चालतं, तबकडीची एक अख्खी बाजू व्यापतं. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये रिची ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो, इयान गिलन तो गळ्यातून जसाच्या तसा परत करतो; तुकडे अवघड होत जातात, आवाज चढत चढत किंकाळीपर्यंत पोचतो. सवाल-जवाब ऐकलेल्या कानाला यात परकं काही नाही. ऑलमन ब्रदर्सनी मार्च १९७१ मध्ये फिलमोर ईस्टला ‘व्हिपिंग पोस्ट’ असंच तेवीस मिनिटं फुलवलं. म्हणूनच ज्यांनी ही गाणी कॅसेटवर घासून घासून ऐकली, त्यांच्या आठवणीत टाळ्या-शिट्ट्याही गाण्याचाच भाग होऊन बसल्या. स्टुडिओतली प्रत त्यांना अपुरी वाटते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

यावर आक्षेप येतो की ‘लाइव्ह’ हे लेबल पुष्कळदा फसवं असतं. थिन लिझीच्या १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’चा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवला गेला, असं निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनीच सांगितलं, गटाच्या बाजूने ते अमान्य झालं. आक्षेप खरा आहे, पण त्याने कसोटी बाद होत नाही. उलट अशा डागडुजीचा राग येतो तो या अल्बमांकडून सच्चेपणाची अपेक्षा असते म्हणूनच. द हू यांच्या १९७० च्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’च्या लेबलवर तर खरखर चालेल, दुरुस्त करू नका, अशी सूचनाच होती. दुसरा आक्षेप असा की, रॉकच्या गर्दीला कसली जाण? १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या बांगलादेश मदत-मैफलीत रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी वाद्यं लावली आणि लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. रविशंकरांनी हसतखेळत चूक दाखवली, मग धून सुरू केली. अल्बममध्ये ते सारं तसंच ठेवलं आहे. जाण नसलेला श्रोताही मैफलीत किती उत्सुकतेने बसतो, याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. आता गाणी सुटी सुटी ऐकली जातात. हे अल्बम मात्र तसे ऐकू नयेत. निदान एक बाजू तरी सलग, मध्ये न उठता ऐकावी.