मौन म्हणजे संमती? आधी तीनदा विचारा!

विहार समितीची बैठक असो, जयंती मंडळाची असो की कर्मचारी संघटनेची, "कोणाचा विरोध नाही ना? मग ठराव मंजूर!" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. टाळ्या वाजतात, बैठक संपते आणि खरी चर्चा बाहेर चपला घालताना सुरू होते. "हे काही बरोबर झालं नाही," असे चार-पाच जण तिथे म्हणतात. मग आत का बोलले नाहीत? अध्यक्ष ज्येष्ठ, बाकीचे सगळे सहमत दिसतात आणि "हा समाजाची एकी बिघडवतो" असा शिक्का कोणालाच नको असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये याच प्रवृत्तीवर 'व्हिक्टिम्स ऑफ ग्रुपथिंक' या नावाने पुस्तक लिहिले. गटातील आपलेपणा जपण्यासाठी माणसे आपली शंका गिळतात आणि हुशार माणसांचा गटही चुकीचा निर्णय घेतो, हे त्यांचे म्हणणे. त्यांचे ठळक उदाहरण क्यूबाचे. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेने सुमारे १४०० क्यूबन निर्वासितांना कॅस्ट्रो यांच्याविरुद्ध 'बे ऑफ पिग्ज' येथे उतरवले. तीन दिवसांत मोहीम कोसळली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांना ही योजना पटलेली नव्हती; पण बैठकांमध्ये आपण गप्प राहिलो, याची खंत त्यांनी पुढे लिहून ठेवली. पुढच्याच वर्षी क्षेपणास्त्रांचे संकट आले, तेव्हा केनेडींनी पद्धत बदलली. आपल्यासमोर लोक मोकळे बोलत नाहीत हे ओळखून काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत. पर्यायांवर कसून वाद झाला आणि अणुयुद्ध टळले.

आपल्याला मात्र हा धडा अमेरिकेकडूनच घ्यायला हवा असे नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की, बैठकव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम भिक्खू संघाला माहीत होते. विनयपिटकात ते सविस्तर आहेत.

संघात आधी प्रस्ताव स्पष्ट शब्दांत मांडला जाई. त्याला ञत्ति म्हणजे ज्ञप्ती म्हणत. उपसंपदेसारख्या महत्त्वाच्या विषयात ज्ञप्तीनंतर तीन वेळा घोषणा होई : ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. म्हणजे तिथेही मौन ही संमतीच होती. पण ती प्रस्ताव नीट समजल्यानंतरची, तीनदा संधी दिल्यानंतरची. आजारी भिक्खू येऊ शकत नसेल तर त्याची संमती मागवली जाई. वाद मिटलाच नाही तर शलाका वाटून मत घेत. त्याच्या तीन पद्धती होत्या : गुप्त, कानात सांगून आणि उघड. शलाका वाटणारा भिक्खू आवड, द्वेष, मोह आणि भय यांना बळी न पडणारा असावा, अशी अट होती.

थोडक्यात, एकी म्हणजे सर्वांनी गप्प बसणे, असे संघाने मानले नाही. विरोध करणाऱ्यासाठी नियमातच जागा ठेवली.

आपल्या बैठकांत हे सहज आणता येईल. विषय दोन-तीन दिवस आधी लेखी कळवावेत. जमीन खरेदी किंवा मोठा खर्च आयत्या वेळी मांडू नये. अध्यक्षांनी आपले मत शेवटी सांगावे. सुरुवात तरुणांपासून आणि उपासिकांपासून करावी, कारण ज्येष्ठ बोलून गेल्यावर त्यांचा आवाज सहसा निघत नाही. मोठ्या ठरावात एका सदस्याकडे केवळ उणिवा शोधण्याचे काम सोपवावे आणि ते दर वेळी बदलावे, म्हणजे कोणी कायमचा 'विरोधक' ठरणार नाही. "विरोध आहे का?" असे न विचारता "यात काय चुकू शकते?" असे विचारावे. नाजूक विषयावर चिठ्ठ्या टाकून मत घ्यावे. आणि वेगळे मत इतिवृत्तात नोंदवावे.

यात वेळ जातो हे खरे. पण घाईने मंजूर झालेल्या ठरावाची किंमत जास्त असते. मजुरी करून वर्गणी देणाऱ्या माणसाचा पैसा त्यात अडकतो. न ऐकलेला कार्यकर्ता भांडत नाही, तो निघून जातो. आणि एका वस्तीत दोन मंडळे, दोन मिरवणुका दिसू लागतात. एकीसाठी दाबलेला आवाजच पुढे फूट होऊन बाहेर पडतो.

राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी त्याच भाषणात दिला होता. तो फक्त दिल्लीसाठी नव्हता, आपल्या विहाराच्या सतरंजीवरही तो तितकाच लागू आहे. पुढच्या बैठकीत ठराव मंजूर म्हणण्याआधी आपण तीनदा विचारू या, आणि उत्तरासाठी थांबू या.

जय भीम! नमो बुद्धाय!