बागेत भाजी लावावी काय?



धंतोली ही एके काळी बंगल्यांची वस्ती होती. बंगल्याला आवार असे, आवारात विहीर असे, आणि न्हाणीच्या पाण्यावर लिंबू, पेरू, गोडनिंब वाढत. आज तेथे रुग्णालये आणि सदनिकांच्या इमारती झाल्या आहेत. खाजगी आवारे गेली. उरली ती सार्वजनिक उद्याने, रस्त्याकडेच्या पट्ट्या आणि गच्च्या. या जागांत फळे-भाज्या पिकवाव्यात काय, हा आजचा प्रश्न आहे. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : माती, पाणी आणि हक्क.

आधी माती. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. मग मुळे गुदमरतात. म्हणून वाफा वीतभर उंच करावा आणि मातीत कुजलेला पाला भरपूर मिसळावा. पालेभाजीला रोज चार तास ऊन पुरते. वांगी, टमाटर यांना सहा तास तरी हवे. मेथी महिन्याभरात काढणीला येते, पालक सव्वा महिन्यात. वैशाखात मात्र वाफ्यावर हिरवी जाळी बांधावीच लागते. संत्र्याचा मोह आपल्या सर्वांनाच आहे. पण त्याला खोल, निचऱ्याची जमीन हवी, आणि कलम लावल्यावर फळ यायला चार-पाच वर्षे जातात. लहान जागेत पपई, मुनगा आणि लिंबू बरे.

माती नसेल तर ती करता येते. मुंबई बंदरातील कामगारांसाठी जे मध्यवर्ती स्वयंपाकघर होते, त्याच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी बाग उभी केली. हजारो कामगारांच्या स्वयंपाकातला ओला कचरा आणि झाडांचा पाला कुजवून त्यांनी माती तयार केली आणि तीत फळझाडेही वाढवली. अशी माती शेतातल्या मातीपेक्षा हलकी असते, म्हणून गच्चीवर भार कमी पडतो. ज्या कचऱ्याला आपण दुर्गंधी म्हणून नाक मुरडतो, ते खत आहे.

आता पाणी. ‘अधिक धान्य पिकवा’ या योजनेखाली रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना रुळांलगतची जमीन भाजीसाठी दिली. मुंबईत लोकलच्या खिडकीतून पालकाचे आणि लाल माठाचे वाफे दिसत. कल्पना उत्तम होती. पण पुष्कळ ठिकाणी पाणी गटाराचे होते. आपल्याकडे धंतोलीच्या कडेने नाग नदी वाहते. तिचे पाणी भाजीला घालण्याचा मोह कोणी करू नये. सांडपाण्यातले जंतू धुऊन काही अंशी जातात. पण शिसे आणि कॅडमियम हे धातू मुळांवाटे झाडाच्या आत जातात. ते कितीही धुतले तरी निघत नाहीत. रस्त्याकडेच्या मातीचेही तसेच आहे. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. परंतु मातीत पडलेले शिसे कुजत नाही. म्हणून माती तपासून घ्यावी, आणि रहदारीच्या रस्त्यालगत पालेभाजी लावू नये.

तिसरी गोष्ट हक्काची. कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे मला हीच सर्वांत मोठी वाटते. ज्याची मुदत अकरा महिन्यांची, तो लिंबू लावत नाही. तो मेथी लावतो. उद्या हात धरून बाहेर काढतील अशी धास्ती असेल, तर तो मेथीही लावत नाही. जमीन तीच, पाणी तेच. मुदत बदलली की पीक बदलते. इंग्लंडात १९०८ साली कायदा झाला : परिसरातील सहा नोंदलेल्या मतदारांनी वा करदात्यांनी लेखी मागणी केली, तर स्थानिक संस्थेने भाजीच्या तुकड्यांची गरज विचारात घेतलीच पाहिजे. १९२५ च्या कायद्याने अशा कामासाठी घेतलेली जमीन सरकारच्या संमतीवाचून विकण्यास मनाई केली. तेथील मजुराच्या घरात बटाटा आणि कोबी आला, तो कोणाच्या कृपेने नव्हे, अशा हक्काने आला.

कोणी म्हणतील, उद्यान हे शोभेसाठी असते. पण आपली महाराजबागच पाहा. भोसल्यांच्या त्या बागेशेजारी १९०६ साली कृषि महाविद्यालय निघाले, आणि फुले व पिके शेजारी नांदली. फुललेली भेंडी कण्हेरीपेक्षा कुरूप आहे, असे मला तरी वाटत नाही. मुलांची खेळण्याची जागा आणि वृद्धांची बाके मात्र कोणी घेऊ नयेत. एक कोपरा पुरे.

तो कोपरा द्यायचा कोणाला? धंतोलीतल्या रुग्णालयांत आया, वॉर्डबॉय आणि पहारेकरी काम करतात. त्यांतल्या पुष्कळांच्या घराला अंगण नाही आणि बाजारातला सांबारही त्यांना मोजून घ्यावा लागतो. पहिले वाफे त्यांना मिळावेत. प्रत्येकास दहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफा, निदान तीन वर्षांची लेखी मुदत, स्वच्छ पाण्याचा एक नळ, पाण्याच्या पाळ्या फळ्यावर लिहिलेल्या, आणि जमाखर्च सर्वांसमोर. फळझाडे सामाईक असावीत व फळांची वाटणी पाळीने व्हावी.

हे सर्व महानगरपालिकेकडे मागावे लागेल. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो, हा आमचा अनुभव आहे. तेव्हा शेजारच्या पाच घरांच्या सह्या घ्या आणि सहावी आपली करा.